रूळ डाव्या हाताला

सिंधुदुर्गात रेल्वे आणली ती माझ्या नणंदेला सायकल चालवायला रस्ता हवा होता म्हणून, असं तिचं प्रामाणिक मत आहे. आणि तिच्या सहवासात चार दिवस काढलेल्या कुणालाही ते फारसं चुकीचं वाटणार नाही. आगगाडीत ती स्वतः बसत नाही. "गाडयेत बसला की रूळच दिसनत नाय," म्हणते. पण रूळ घालताना यंत्रं आणि खडी न्यायला कंत्राटदारांनी कडेकडेनं जो मातीचा रस्ता केला होता आणि काम संपल्यावर जो सगळे विसरून गेले, तो तिनं एकटीनं हुडकून काढला. कुठे तो करवंदीच्या जाळीत बुडालेला, कुठे कुणाच्या काजूच्या बागेत शिरलेला, कुठे गुरांनी आपलाच म्हणून वापरात ठेवलेला. मालकांशी भांडून, गुरांशी समजुतीनं घेऊन आणि मधले तुटलेले भाग पायवाटांनी जोडून तिनं सावंतवाडी स्टेशनापासून थेट वैभववाडीपर्यंत एक सलग मार्ग तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं रूळवाट. रूळवाटेचे नियमही तिचेच. जाताना रूळ डाव्या हाताला हवेत, ते नजरेआड होता कामा नयेत, आणि काही झालं तरी रुळांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

आम्ही सगळे तिला आका म्हणतो. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळी नोकरी तिनं एका हायस्कुलात पी.टी. शिकवण्यात काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी काढून ठेवायची असते हे तिला कुणी सांगितलं नाही. कट्टा गावात आमच्या घराला लागूनच तिचं घर आहे. दारात कुत्रा आला की एक शिट्टी, जेवायची पानं घेतली की दोन, आणि माझा नवरा, जो आता पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला गृहस्थ आहे, तो तिसऱ्या शिट्टीला अजूनही आपोआप सावधानमध्ये उभा राहतो. नियमांच्या बाबतीत तर ती देवालाही सूट देत नाही. वळताना हात दाखवायचा म्हणजे दाखवायचाच; स्वतःच्या अंगणात शिरतानाही ती हात दाखवून शिरते आणि अंगणातल्या कोंबड्या तेवढ्यापुरत्या बाजूला होतात. एकदा बाजारात एका दुकानाच्या भिंतीवर 'येथे सायकली लावू नयेत' अशी नवी पाटी लागली होती. आकानं ती नीट वाचली, सायकल खांद्यावर घेतली आणि तशीच दुकानात शिरून कांदे निवडू लागली. दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, ती खाली ठेवा हो." आका म्हणाली, "मी लावलंय खंय? धरलंय मा!"

तिच्या आणखी दोन सवयी मला नुसत्या लहरी वाटायच्या. एक म्हणजे सायकलवर बसायला तिला दगड लागायचा. दगड, पायरी, एस.टी.च्या थांब्याचा कट्टा, काहीही चालायचं, पण सपाट जमिनीवरून ती कधी बसायची नाही. घोड्यावर बसणाऱ्या सरदारासारखी सायकल दगडाजवळ आणायची, इकडे तिकडे बघायची आणि मग टांग टाकायची. दुसरी म्हणजे पंगतीत ती पाटावर बसायची नाही. "खाली बसान जेवल्यान पोट दबता," असं ती सांगायची. ज्या बाईनं हजारो पोरांना मांडी घालून पाठ ताठ ठेवायला शिकवलं तिच्या तोंडी हे शास्त्र नवीन होतं, पण आकाशी वाद घालणं म्हणजे रुळावर उभं राहून गाडीशी वाद घालण्यासारखं, म्हणून कुणी बोललं नाही.

मला या सगळ्यात ओढलं माझ्या रक्तातल्या साखरेनं. डॉक्टरांनी सांगितलं मला, पण ऐकलं आकानं. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या नवऱ्याला कुडाळला पिटाळून माझ्यासाठी गिअरची सायकल आणवली. मी देवगडची, माहेरी आंब्याच्या बागेत उतारावरून सायकल सोडायची सवय होती, पण ती परकर-पोलक्यातली. आकानं मला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवलं. रविवारी ती पुढे, मी मागे, आणि मी मागे पडले की एक शिट्टी.

हळूहळू मलाही ते आवडायला लागलं. म्हणूनच श्रावणाच्या तोंडावर दोन दिवस कोरडे गेल्यावर, आकानं "आख्खी रूळवाट करूया" म्हटलं तेव्हा मी हो म्हणाले. घरात हे ऐकून आमचे हे दुपारचं जेवले नाहीत. तरीही आमच्या दोन्ही सायकली पिकअपमध्ये घालून त्यांनीच आम्हाला सावंतवाडी स्टेशनावर सोडलं, आणि निघताना बहिणीला हळूच म्हणाले, "आका, पाण्यात शिरा नको हां." आका म्हणाली, "पाण्यात शिराक मी काय म्हस आसंय?"

पहिला दिवस सुखाचा गेला. भातखाचरं पाण्यानं भरलेली, त्यांत आभाळ पडलेलं, मधून एखादी गाडी धडधडत जायची आणि आका उतरून, थांबून, ती जाईपर्यंत उभी राहायची. कुडाळात तिच्या एका जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. सकाळी निघताना ऊन होतं. फक्त पूर्वेला सह्याद्री दिसत नव्हता. जिथे डोंगर असायला हवे होते तिथे एक काळी भिंत होती. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "हय पाऊस नाय, पण घाट काळो दिसता. हायवेन येवा." आकानं माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "हायवेन गाडये जातत. माणसा रूळवाटेन."

कुडाळच्या पुढे रूळवाट एका सखल भागात उतरते. डावीकडे रेल्वेचा उंच भराव, उजवीकडे शेतं, आणि मध्ये आपला मातीचा रस्ता. शेतांतून दोन व्हाळ, म्हणजे ओढे, येतात आणि भरावाखालच्या मोऱ्यांमधून पलीकडे समुद्राच्या दिशेनं जातात. रस्ता हे व्हाळ सिमेंटच्या बुटक्या कॉजवेवरून ओलांडतो. पहिल्या कॉजवेवर घोटाभर पाणी होतं, तांबडं पण शांत. आम्ही चाकं भिजवत हसत पार झालो. दुसऱ्यापाशी पोचलो तर कॉजवे दिसेचना. पाणी त्याच्यावरून जात होतं, आणि आवाज करत नव्हतं. ओरडणाऱ्या पाण्याला मी एवढी घाबरत नाही. हे गप्प होतं, आणि त्यात एक अख्खी केळ, मुळांसकट, उभीच्या उभी निघाली होती.

"मागे फिरूया," आका म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही मागे वळलो. पण येताना घोटाभर असलेला पहिला कॉजवे आता कंबरभर होता, आणि मोरीच्या तोंडाशी ओंडके आणि पेंढा अडकून पाणी तटलं होतं. आमच्याकडे एक थेंब पडत नव्हता. घाटावर जे कोसळत होतं ते सगळं खाली आमच्याकडे येत होतं, आणि भराव त्याला पुढे जाऊ देत नव्हता. दोन व्हाळांच्या मधला रस्त्याचा एक तुकडा तेवढा आमचा उरला. उजवीकडचं शेत कधी तलाव झालं ते कळलं नाही. पाणी रस्त्यावर चढलं, बुटांत आलं, पोटऱ्यांना लागलं. फोनला रेंज नव्हती.

वाचायचा मार्ग डोळ्यांसमोर होता: भराव. खडा होता, दगडांनी बांधलेला, शेवाळलेला, पण चढण्यासारखा. मी सायकल टाकली आणि म्हणाले, "आका, चल, वर चड."

आका हलली नाही. भरावाच्या पायथ्याशी लोखंडी खांबावर एक पाटी होती, तिच्याकडे तिनं बोट केलं. "वाच. रेल्वेची हद्द. परवानगेशिवाय जावक गावाचा नाय."

मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"परवानगी कोणाकडे मागतलंस? बेडकांकडे?"

"तू जा वर. तू लहान आसंस, तुका कोण बोलाचा नाय. मी हय रवतंय. पाणी उतारतला."

"उतारना नाय, चडता हा!"

"मी तुका सांगलंय, जा." आणि तिनं शिट्टी फुंकली. इतक्या वर्षांत त्या शिट्टीला मी कधी उलट बोलले नव्हते. मी चढायला लागले. हातांनी दगड धरत, गुडघे खरवडत अर्ध्यावर पोचले आणि मागे वळून पाहिलं. आका मांडीभर पाण्यात उभी होती. तिनं आपली जुनी काळी सायकल त्या पाटीच्या खांबाला टेकवली होती आणि वाकून, पाण्याखाली हात घालून, तिला कुलूप लावत होती. माझी गिअरची सायकल आडवी होऊन, गोल फिरत, शेताकडे निघून गेली होती. कुलूप लावून झाल्यावर आका सरळ झाली, भरावाशी आली आणि तिनं एक पाय उचलून पहिल्या दगडावर ठेवला. मला वाटलं आली शहाणपणावर. पण तिनं नुसता पाय ठेवला. दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबले. वर येण्यासाठी अंग पुढे टाकलं. आणि तसाच पाय पुन्हा पाण्यात उतरवला. मी बघते आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा तेच केलं.

तो दगड, ती पायरी, तो एस.टी.च्या थांब्याचा कट्टा, पंगतीतला नाकारलेला पाट, सगळं मला तिथे, त्या शेवाळलेल्या दगडांवर लटकलेली असताना कळलं.

मी खाली उतरले. उतरले म्हणजे घसरले. ती ओरडली, "कित्याक परत इलंस? मूर्ख!" मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ढोपार?"

पाणी कमरेला लागत होतं आणि ओढ जाणवायला लागली होती. मग ती रुळांकडे बघत म्हणाली, "सपाटीर चलता. पायडल मारता. चड जमना नाय गो. कितीक वर्सा झाली."

"कोणाक सांगलंस काय?"

"कोणाक सांगतलंय? पी.टी.च्या बाईच्या ढोपरात वंगण नाय म्हणान?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्हींना वेळ नव्हता. मी म्हणाले, "शिट्टी वाजव." "कोण ऐकतला?" "पावसाळ्यात रुळावरसून माणूस फिरता. वाजव!" आणि आका वाजवू लागली. अशी शिट्टी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. हुकूम नव्हता त्यात. मध्ये श्वास घ्यायला ती थांबायची तेव्हा फक्त पाण्याचा तो गप्प आवाज यायचा, आणि मी तिचा दंड घट्ट धरून विचार करत असायची की हिला पोहता येतं, मला येत नाही, आणि माझा पाय सुटला तर ती मला धरायला जाईल.

भरावाच्या कडेवर एक डोकं दिसलं. रेल्वेचा गस्तीवरचा माणूस, खांद्यावर झेंड्यांची गुंडाळी, अंगात पिवळा रेनकोट. "ओ बायनू! थय काय करतास? मराक इलास काय? वर येवा!"

आकानं शिट्टी सोडली. ढोपर खरं होतं, पण नियमही खोटा नव्हता. कमरेभर पाण्यात, ताठ मान करून तिनं शुद्ध मराठीत विचारलं, "आम्हाला हद्दीत प्रवेश करण्याची परवानगी आहे का?"

तो बिचारा गोंधळून गेला. त्याच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "आसा! आसा परवानगी! येवा आधी!"

तिच्या पाठीवरच्या पिशवीत जादा ट्यूबा होत्या. त्या आणि माझी ओढणी मी गाठी मारून एकत्र केल्या आणि त्याच्याकडे फेकल्या. तिसऱ्या फेकीला त्याच्या हातात टोक आलं. त्यानं ते वरच्या एका खांबाला वेढा देऊन धरलं, दुसरं टोक मी आकाच्या काखेतून घेतलं. तिचा चांगला पाय पहिल्या दगडावर, आणि मी मागून तिच्या बुडाखाली खांदा दिला. नणंद-भावजयीच्या नात्यात यापूर्वी असा प्रसंग आला असेल असं मला वाटत नाही. आणि मग, स्वतःच्याच सुटकेला, आका कवायत घ्यायला लागली. "एक!" म्हणजे मी ढकलायचं आणि त्यानं ओढायचं. "दोन!" म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. "एक! दोन! भावजय, पाठ ताठ! एक!" निम्म्यावर माझा पाय सटकला. मी दगडांवर छातीवर आपटले, आणि आकाचा सगळा भार ट्यूबांवर गेला. रबरच ते, ताणलं. ती हातभर खाली आली, लोंबली, पुन्हा थोडी वर गेली. गाठ करकरली. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं आणि त्यावर कसलाही आव उरला नव्हता. एका म्हाताऱ्या बाईचं तोंड होतं ते. कवायत थांबली होती. मग मीच ओरडले, "एक!"

वर पोचलो तेव्हा तिघंही खडीवर पालथी पडलो. त्या माणसानं आधी स्वतःला सावरलं. "गाडी येतली, बाजूक रवा, हलां नको." आम्ही कडेला बसून राहिलो. गाडी अगदी हळू आली, पाण्याला भीत भीत. खिडक्यांतून लोक आमच्याकडे बघत होते. केसांपासून पायांपर्यंत चिखलानं माखलेली आका उठून उभी राहिली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत उभीच राहिली. खाली आम्ही उभ्या होतो ती जागा आता दिसत नव्हती. पाटीचं फक्त वरचं टोक दिसत होतं.

त्या माणसानं आम्हाला सांभाळून पुढच्या फाटकापर्यंत नेलं, स्वतःच्या थर्मासमधला काळा चहा पाजला, आणि आकानं तीनदा विचारल्यावर तीनदा सांगितलं की नाही, तुमच्यावर काही कारवाई होणार नाही. फाटकावरून निरोप मिळून आमचे हे पिकअप घेऊन आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बहिणीचे पाय धुतले, कोरडे केले आणि तिला उचलून सीटवर बसवलं. आकाही उचलू देत होती, आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं.

पाणी उतरल्यावर काळी सायकल खांबाला तशीच सापडली. माझी सापडली नाही. दोन्ही कॉजवे वाहून गेले, त्या तुकड्यातला रस्ताही गेला, आणि ज्या रस्त्याची नोंद कुणाकडेच नव्हती तो दुरुस्त कोण करणार? हिवाळ्यात आकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांना तिनं आधी त्यांचं स्वतःचं वजन विचारलं आणि ते ऐकून नाराज झाली, पण ऑपरेशन करू दिलं. चालते आता. अंगणातून आमच्या पडवीपर्यंत, पडवीतून परत. सायकलला मात्र अजून हात लावलेला नाही. रविवारी काळी सायकल घेऊन मी जाते, जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत. परत आल्यावर ती विचारते, खंय चिखल होता, कोणाच्या काजूंक मोहर इलो, गाडी खंय गावली. मी सांगते, ती ऐकते, आणि कधी कधी मी काहीतरी सांगायचं विसरले की ती आठवण करून देते, जणू मागच्या सायकलवर तीच होती.

परवा अशीच आम्ही पडवीत कुळीथ निवडत बसलो होतो. ती खुर्चीवर, मी खाली. बाहेर ऊन उतरत होतं. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोलत नाही, आणि तेव्हाही बोलत नव्हतो. ती सुपात बघत अचानक म्हणाली, "तू वर गेलंस मा त्या दिवशी, तेवा माका बरा वाटला. खरा सांगतंय. म्हटला, सुटली ही." तिनं एक खडा काढून अंगणात टाकला. "मगे तू परत खाली इलंस. तेवा माका पयल्यांदा भिया वाटला."

तिनं सूप माझ्या बाजूला थोडं कलतं केलं, म्हणजे उजेड दोघींना मिळेल, आणि आम्ही निवडत राहिलो.